न भाजलेला राब

बाबा, यंदा आपला राब भाजला नाही. तू गेल्यापासून आई दर उन्हाळ्यात काकाला सोबत घेऊन खाडीकाठच्या आपल्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या पसरायची, वरून बारीक माती भुरभुरायची आणि पेटवायची, तू करायचास तसंच. पावसाआधी जमीन अशी भाजली की भाताचं रोप तणाशिवाय उगवतं, हे मला वाचता येण्याआधीपासून ठाऊक आहे. अजून डोळ्यांसमोर येतं: तू ओलं पोतं खांद्यावर टाकून बांधावर उभा आहेस, चिमूटभर माती सोडून वारा बघतो आहेस. "बाय, वारा येतो त्या अंगाला रव. धूर डोल्यात जाल." पेटवायचास मात्र उलट्या बाजूने, म्हणजे आग वाऱ्याशी भांडत सावकाश सरकायची. मला स्वच्छ हवेत उभं करून तू स्वतः धुरात शिरायचास आणि मधेच दिसेनासा व्हायचास. मी हाक मारायचे. धुरातून आधी तुझा खोकला यायचा, मग तू.

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं होतं, बिडी किती ओढता? तुझ्याआधी आईच बोलली, "बिडी कदी नाय ओढली त्यांनी. राबच ओढला." तेव्हा आपण तिघंही हसलो होतो.

आता आपल्या तुकड्याच्या पूर्वेला स्टेशनापर्यंत टॉवर आहेत. थंडीत बांधकामाची धूळ, ट्रकांचा धूर आणि खाडीवरचं धुकं असं सगळं मिसळून सकाळी गावावर बसतं, ऊन चढेपर्यंत हलत नाही. ते जरा विरतं तोवर राबांचे दिवस येतात. आईला गेल्या वर्षापासून दम्याचा पंप ओढावा लागतो. तिचा खोकला भिंतीपलीकडून ऐकला तर तुझाच वाटतो. एकदा दुपारी कपडे वाळत घालताना मी "आले बाबा" म्हणून ओ दिली. आईने ऐकलं असावं.

म्हणून यंदा गावकीच्या बैठकीत मी उभी राहिले. पर्यावरणाची पदवी घेतली ती काय भिंतीवर टांगायला? मी म्हटलं, भाजू नका, गादीवाफे करा, शेणखत कुजवून घाला, रोप तसंही येतं, मी करून दाखवते. मला वाटलं होतं, नीट सांगितलं की लोकांना पटतं. काका बसल्या जागेवरून म्हणाला, "टॉवरवाल्यांचे ट्रक मोजलेस का आदी? का आमचाच धूर काला?" सगळे हसले. त्याचं चुकीचं नव्हतं, आणि मी तसं कबूलही केलं. पण ट्रक माझ्या हातात नाहीत, आपला तुकडा आहे. तेवढ्यात बायकांमधून आई उठली. "पोरगी सांगते तर आमी नाय जालनार," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खोकत खाली बसली. त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, तरंगत आले.

पंधरवड्याने मी कामावरून लवकर परतले तर दाराला कडी. शेतावर गेले. आपल्या तुकड्यावर राब रचलेला होता, कडा सरळ, माती सारखी भुरभुरलेली. आई बांधावर तू उभा राहायचास तिथे बसली होती. एका मुठीत पंप, दुसऱ्या मुठीत काडेपेटी.

"आई, बैठकीत काय बोललीस?"

"बोलले ते खरंच बोलले. रोपासाठी नाय जालत."

"मग कशासाठी?"

तिने राबाकडे पाहिलं. "वर्साचा हाच एक दिस येतात ते. धूर उठला की तिकडून खोकतात. तुला नाय ऐकू येत?"

मी तिच्या मुठीतून काडेपेटी काढून घेतली. खाडीचं पाणी खारं, म्हणून विहिरीवरून कळशा आणल्या आणि रचलेल्या राबावर ओतत राहिले, सगळा भिजेपर्यंत. तिने अडवलं नाही. फक्त म्हणाली, "झालं? आता कुठून येनार ते?"

त्या संध्याकाळी पश्चिमेला कुणीतरी स्वतःचा राब पेटवला. बैठकीत माझं सगळ्यांनीच ऐकलं होतं असं नाही. वारा समुद्राकडून होता आणि वास थेट घरात आला, शेणाचा, पाल्याचा, तापलेल्या मातीचा. आई खिडकीशी बसली होती. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, तरी ती हलेना. तिच्या छातीला काय होतंय हे त्या घरात मला सगळ्यात चांगलं कळत होतं. मी खिडकी लावायला उठले.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि हे पत्र जाणार तरी कुठे. खिडकीवर हात ठेवून मी थांबले. आई माझ्यामागे खोकत होती आणि मी बाहेरच्या धुरात कान लावून उभी होते. खिडकी मी नंतर लावली.