कॉलरवालीला सांगायचं राहिलेलं

मी, शिवणघरातला निवृत्त कटिंग मास्तर, वय अडुसष्ट, हात थोडे थरथरतात पण डोकं ठिकाणावर आहे, कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे.

१. राहती जागा बायकोची, तिच्या पश्चात मुलीची. मेहुण्याने त्यात नाक खुपसू नये. "दाजी, पडदे बदला," या सल्ल्यापलीकडे त्याने या घराला काही दिलेलं नाही.

२. शिवणयंत्र मुलीला. तिला शिवता येत नाही, याला जबाबदार मी. तिची पहिली शिवण मी तिच्यासमोर उसवली आणि का उसवली ते सांगितलं नाही.

३. खडूची डबी कुणालाही देऊ नये. तीस वर्षं कारागिरांच्या कामात चूक दिसली, की त्यावर फुली मारून कपडा मी त्यांच्या यंत्रावर ठेवत असे. काय चुकलं, कसं सुधारायचं, याबद्दल चकार शब्द नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शब्दही दिला नाही. आणि चांगल्या कामावर तर कधी कसलीच खूण केली नाही.

४. मोठी कात्री कॉलर शिवणाऱ्या बाईंना. आम्ही त्यांना कॉलरवाली म्हणायचो. एका कोटाची कॉलर बसेना, तेव्हा तो सगळ्यांसमोर उंच धरून मी विचारलं, "हे हाताने शिवलंय की पायाने?"

त्या म्हणाल्या, "मास्तर, कापड एकदा मोजून बघा ना."

त्या घरी गेल्यावर मी मोजलं. मीच अर्धा इंच कमी कापलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या दारी जायची मला लाज वाटली. याला अकरा वर्षं झाली. कात्री देताना मुलीने त्यांना वाचून दाखवावं : चूक माझी होती. तुम्ही टोकाशी टाके बारीक घेत होता, म्हणून तुमची कॉलर कुणाच्या मानेला टोचली नाही. हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं.

साक्षीला बोलावलेल्या आमच्या जुन्या इस्त्रीवाल्याने हे वाचलं आणि चष्मा काढला. "मास्तर, तुम्ही मेल्यावर सांगणार? मग त्या बाईंनी शिव्या कुणाला घालायच्या?"

सबब कलम चार रद्द. उद्या सकाळी कात्री घेऊन मी स्वतः जातो. भीती वाटते आहे. त्या जे बोलतील ते मध्ये न बोलता ऐकून घेईन.

सही : कटिंग मास्तर
साक्षीदार : इस्त्रीवाला; शेजारच्या डॉक्टरीणबाई
ठिकाण : स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : नऊ, मंगळवार