आता परवाना लागणार नाही

ओकिनावा, मार्च १९७२

प्रिय सेइतोकू,

तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. तब्येत ठणठणीत, कारखान्यात काम भरपूर, आणि बेटावर परतायचं "बघू". या "बघू"ला आता तुझी आईसुद्धा हसते. मे महिन्यात अमेरिकन कारभार संपून आपण पुन्हा जपानात जातोय, डॉलर जाऊन येन येणार, ओसाकाहून इथे यायला परवानाही लागणार नाही. म्हणजे तुझी एक सबब गेली रे बाबा!

इथे वेगळीच धास्ती आहे. जपानात म्हणे बेटाबेटावर नर्स ठेवायची पद्धत नाही, मग आम्हाला ठेवतील का? परवा तुझी आई गावकचेरीत जाऊन कडाडली, "गोऱ्यांनी घेतलेली जमीन तेवढी परत आणा. नर्स आमची आहे, तिला हात लावाल तर बघा!" सगळे हसले, पण तिला गप्प बस म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

लढाईनंतर डॉक्टर उरले नव्हते, दवाखान्यात खाटा नव्हत्या, म्हणून क्षयाचे रोगी घरीच असत आणि आम्ही पोरी थोडंफार शिकून त्यांच्या दारी जायचो. तुझ्यासाठी परसात वेगळी खोली बांधली होती. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मी सायकल शाळेपाशी लावून उसातून चालत यायचे. कळायचं सगळ्यांनाच. तुझ्या घरचा चहा कुणी घेत नसे, आणि ते तू विसरला नाहीस, हेही मला समजतं. इंजेक्शन देताना तू सानशिनच्या तारा छेडायचं थांबवून ओरडायचास, "हळू गं, माणूस आहे मी, डुक्कर नाही!" तुझं घर मी मुद्दाम शेवटी ठेवायचे, म्हणजे तुझं वाजवणं ऐकत बसता यायचं. मग तू ऑपरेशनसाठी तिकडे गेलास, बरा झालास आणि तिकडचाच झालास. मला तुझी फार आठवण येते.

हे सगळं आजच का, विचारशील. गेल्या महिन्यात एक्स-रेची गाडी बोटीतून आली. लोकांची भीती जावी म्हणून नेहमीप्रमाणे आधी मीच उभी राहिले. माझ्याच फुफ्फुसावर डाग निघाला. घाबरू नकोस, औषधं चालू आहेत, बरी होईन. कामावरून मात्र मला काढलंय. नर्सनं पेशंटला मनातलं काही बोलायचं नसतं, म्हणून तुला बोटीत बसवताना मी नुसतंच "गोळ्या वेळेवर घे" म्हणाले होते. आता मी कुणाचीच नर्स नाही. सेइतोकू, माझ्यासाठी ये.

तुझीच,
तोमी