साठपर्यंतच मोजले

तीर्थरूप बाबा,
इतक्या दुरून वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. गाडीही. एका बाजूला ओलं, दाट जंगल, दुसरीकडे समुद्र. अंधाराआधी मुक्काम गाठतेच.

काल मात्र चुकले. वेचलेला शंख वाळूवर ठेवून शंभर मोजायचे आणि तो चालला नाही तरच उचलायचा, ही तुमचीच शिकवण. मी अंक शिकले तेच असे. पण काल घाईत साठपर्यंतच मोजले. चाळीस किलोमीटरवर शंख डॅशबोर्डवर चालू लागला! आत खेकडा होता. पेट्रोल पंपावरचे काका म्हणाले, “अगं, इथंही समुद्रच आहे की!” तरी मागे गेले आणि त्याला त्याच्याच खडकापाशी सोडलं. त्याचं घर तिथं होतं ना.

तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं का? आईला सारखा जिना चढायला लावत नाहीत ना? प्लास्टर निघाल्यावर आपण दोघं जाऊ, म्हणाला होतात. रजा वाया जाईल म्हणून मी थांबले नाही, आणि निघताना तुम्ही बोलला नाहीत.

शिंपले मी मागच्या सीटवर ठेवते. शेजारची रिकामीच आहे. पुढची रजा तुमच्या पायाला विचारून घेईन. बोलू नका हवं तर, शेजारी बसून रागवा.

यापुढे पूर्ण शंभर मोजणारी,
तुमची धाकटी