पहिल्या शुक्रवारचा मलिदा

अश्दोद, ५ फेब्रुवारी २०२३

सौ. भवानीताई यांस मिलकाचा स. न. वि. वि.

कुंभकोणमची कॉफी पोचली. निम्मी तुमच्या जावयानेच, माझ्या रूबेनने, संपवली. परवा फोनवर तुमची तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली मराठी ऐकून जुन्या दरबारातून बोलावणं आल्यासारखं वाटलं, रागावू नका.

आम्हा कोकणी ज्यूंच्या स्वागत मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतील. इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आई कोकणातून इथे आली तेव्हा तिच्या बिऱ्हाडाचं दार कुणी ठोठावलं नाही, म्हणून तिनेच मंडळ काढलं. नवं कुणी आलं, की पहिल्या शुक्रवारी आम्ही स्वयंसेविका मलिदा घेऊन जातो. गोड पोहे, खोबरं, फळं आणि प्रार्थना. पुढे वर्षभर दवाखाना, शाळा, बाजार हाताला धरून दाखवतो.

पुस्तकात सूनबाईंचा फोटो हवाय. नऊ वर्षांपूर्वी शिवरंजनी आली, त्या शुक्रवारचा तुमच्याकडे असेलच. तिला विचारलं, तर हसून उठून जाते.

लोभ आहे तो वाढवालच.
तुमची विहीण,
मिलका

कुंभकोणम, १ मार्च २०२३

श्रीमती मिलकाबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र शिवरंजनीला फोनवर वाचून दाखवलं. तिने फोन रूबेनच्या हातात दिला. त्याने सगळं सांगितलं.

त्या शुक्रवारी माझी मुलगी रेशमी साडी नेसून, घर आवरून वाट पाहत होती. तुम्ही बायकांना घेऊन जिना चढलात आणि तिच्या दारावरून वरच्या मजल्यावरच्या नव्या कुटुंबाकडे गेलात. तिला वरून गाणं ऐकू येत होतं. मलिदा आपल्या माणसांसाठी असतो, असं तुम्ही रूबेनला म्हणालात म्हणे. मला मात्र तिने त्या रात्री सांगितलं, की मलिदा फार छान होता.

आम्ही रूबेनला पट्टीश्वरमपर्यंतच्या एकूण एक नातलगांकडे केळीच्या पानावर जेवू घातलं. धर्म कुणी विचारला नाही. तुम्ही तर विसरूनही गेलात, याचा मला जास्त राग आहे. फोटो नाही.

मुलगी तुमच्या गावात आहे, म्हणून लोभ ठेवते.
भवानी

अश्दोद, २६ मार्च २०२३

सौ. भवानीताई,
नमस्कार लिहायलाही लाज वाटते.

मला खरंच आठवत नव्हतं. रूबेनला विचारलं, तेव्हा आठवलं. ‘आमच्याकडून एकही दार चुकलं नाही,’ हे वाक्य पुस्तकात मीच लिहिलं होतं. ते काढायला सांगितलं, तर मंडळ म्हणालं, छापून झालंय.

शुक्रवारी मी एकटीच तुमच्या लेकीकडे मलिदा घेऊन गेले. तिने मला बसवलं, कॉफी दिली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. ताटाला हात लावला नाही. मी प्रार्थना म्हणू लागले, तेव्हा शांतपणे म्हणाली, की अम्मा, इथे आता नवीन कुणी राहत नाही.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.
मिलका