गोळाभात आणि शनिवारचं इंजेक्शन

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मागच्या वर्षी इथे ईडन प्रेरी गावात एका डॉक्टरीणबाईंनी तुझी चौकशी केली. घरात आणखी कुणाचं वजन असं वाढलं होतं का, म्हणाल्या. मी म्हणालो, आईचं. मग थायरॉइड, इन्सुलिन असं कायकाय समजावत बसल्या. पोट भरलं हे मेंदूला सांगणारे हार्मोन असतात म्हणे. काहींच्या शरीरात तो निरोप नीट पोचतच नाही. त्यात रात्री उशिरा जेवलं की साखर चढलेलीच राहते. माझं जेवण म्हणजे लॅपटॉपसमोर, पुण्याच्या टीमशी कॉल चालू असताना, झोपायच्या तोंडावर. शेवटी त्या म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही. गाडीत येऊन मी ढसाढसा रडलो गं. स्वतःसाठी नाही. हे वाक्य तुला कुणीतरी म्हणायला हवं होतं.

नागपूरच्या स्वयंपाकघरात तू सगळ्यांचं उरकून तीन वाजता जेवायला बसतेस. गुरुवार धरतेस, गोड सोडलंस, तरी अंग सुटत चाललंय. आत्या दारातूनच विचारते, "वहिनी, उपवास करता की लपून खाता?" सगळे हसतात. तूही हसतेस आणि डावातला भात परत पातेल्यात सोडतेस. गळ्याजवळची सूज कुणाच्याच लक्षात आली नाही. थायरॉइड सापडला तोवर शुगरनं तुझ्या पायांची वाट लावली होती.

आता मी त्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, पोट भरल्याचा तो निरोप मेंदूला पोचवणारं इंजेक्शन दर शनिवारी पोटात घेतो. वजन उतरलं, शुगर उतरली. सगळे आपापला पदार्थ घेऊन जमतात त्या पॉटलकमध्ये इथल्या एक काकू विचारतात, "काय रे, जिम लावलं का?" पण भूक गेली, आई. नावालासुद्धा उरली नाही. तुझ्या तिथीला गोळाभात केला, वरून कडकडीत फोडणीचं तेल. दोन घास खाल्ले आणि बस्स. "घे न रे अजून एक, गरम आहे तोवर," तू म्हणायचीस आणि मी ताट पुढे करायचो. डाळीचा गोळा तोंडात नुसता फिरत राहिला. समोर बसलेली लेक म्हणाली, "इट्स ओके बाबा, यू डोंट हॅव टू फिनिश." त्या दिवशी तुझी आठवणसुद्धा धड आली नाही, आणि त्याचीच मला धास्ती बसली.

त्यानंतरचे दोन शनिवार मी इंजेक्शन घेतलं नाही. आज सकाळी पोटात कावळे ओरडायला लागले आणि एकदम तू आठवलीस, कपाळावरच्या घामासकट, हळदीच्या हातांसकट. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मग शुगर तपासली, तर ती पुन्हा चढलेली. लेकीनं लहानपणी व्हिडिओ कॉलवर तुझे बँडेज बांधलेले पाय पाहिलेत. "बाबा, डिड यू टेक इट?" दर शनिवारी न चुकता विचारते. दोन्ही वेळा मी बिनदिक्कत "हो गं" म्हणालो. तिला बोललेलं मराठी सगळं कळतं, वाचता मात्र येत नाही. म्हणूनच तर हे पत्र इथे टेबलावर उघडं ठेवायची हिंमत होतेय.