एप्रिलात चालणारं इंजिन

भाऊ, तुमच्या जीपचं इंजिन मी पुन्हा बांधलं. तुम्ही जाऊन आता एक पिढी झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच द्यावी असं वाटलं, आणि द्यायला कागदाशिवाय दुसरी जागा नाही. सगळं गाव तुम्हाला भाऊ म्हणायचं म्हणून आम्ही तुमची पोटची पोरंही भाऊच म्हणत आलो. या वयात ते बदलायचं काही कारण दिसत नाही.

गेल्या वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीत, बसस्टँडच्या चौकात, इंजिनातून खडखड आवाज सुरू झाला. मी लगेच बंद केलं, पण तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. तुमच्या काळापासून मिरवणुकीच्या पुढे हीच जीप चालत आली. तुमच्यानंतर मी चालवली आणि एक वर्ष चुकवलं नाही. त्या दिवशी मात्र पोरांनी बॉनेटवर बांधलेला फोटो सोडला, एका पिकअपवर चढवला आणि मिरवणूक पुढे गेली. मी दोरी गुंडाळत चौकात उभी राहिले. आठवड्यानं आपल्या धाकट्याचा नागपूरहून फोन आला.

"ताई, आता पुरे कर. डिझेल इंजिन बसवून टाक, नाई त शेडात ठेवून दे."

"इंजिन बदललं की ती भाऊंची जीप राहील का?"

"भाऊची जीप म्हणजे काय, सातबाऱ्यावर हाये का ते?"

मी फोन ठेवला. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. बोलतो तसा तो नाही.

इंजिन खोललं तेव्हा कारण दिसलं. तेल जळून जळून कमी झालं होतं आणि एक बेअरिंग कोरडं पडून गेलं होतं. क्रँक घासायला आणि सिलिंडर बोअर करायला चंद्रपूरला न्यावं लागलं. तिथला मिस्त्री म्हणाला, "बाई, याचे पार्ट आता कोण ठेवते? दुसरी गाडी पाहा." मी म्हटलं, सल्ला विचारला नव्हता, बोअर करून हवं आहे. त्यानं काम चोख केलं, हे सांगायला हवं. पार्ट जमायला पावसाळा आणि अर्धा हिवाळा गेला. बाकी सगळं मी आपल्या शेडात केलं, स्टुलावर बसून, कारण आता गुडघे वाकत नाहीत.

पिस्टन बसवायच्या दिवशी आईचं स्वयंपाकघर आठवलं. मी आठवीत असेन. चुलीवर आईचं वरणाचं पातेलं, तिचा गंज, त्यात पाणी उकळतं आहे आणि पाण्यात चार पिस्टन. तुम्ही चिमटा घेऊन चुलीपुढे उकिडवे बसला आहात. पिस्टन तापला की त्याचं भोक जरासं मोठं होतं आणि पोलादी पिन अंगठ्यानं आत जाते, थंड झाल्यावर मग ती हलत नाही, हे तुम्ही मला समजावून सांगता आहात. दारात पाखडलेल्या डाळीचं सूप घेऊन आई.

"मी डाळ यातच टाकू का? दोन्ही संगंच शिजतीन."

"टाकजो. पयले माहे होऊ दे."

"तुमचे झाले की तुमीच जेवजा ते."

त्या दिवशी जेवायला ऊन कलल्यावर बसलो. आईनं तो गंज पुन्हा चुलीवर चढवला नाही, तो कायमचा शेडात गेला. यंदा मी गॅसवर, माझ्याच पातेल्यात, तेच केलं. कोणी काही बोललं नाही. कोणीतरी बोलायला हवं होतं, असं वाटलं.

आता भांडणाचं. मी नागपूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिनांवरचं एक पुस्तक घेऊन घरी आले होते. पिस्टनला रिंगा असतात, रिंगेच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर रिंग वाढते. पुस्तकात ती फट किती ते दिलेलं होतं. तुम्ही कानस घेऊन त्याच्या जवळजवळ दुप्पट ठेवत होता. मी पुस्तक तुमच्यापुढे धरलं. तुम्ही वर न बघता म्हणालात, "हे लिवणाऱ्यानं एप्रिलात, मानसाच्या चालीनं, गावभर जीप चालवली का कधी?" मी म्हटलं, "म्हणूनच आपली जीप गावभर निळा धूर सोडते. लोकांना वाटतं जयंतीचा रंगच आहे."

तुम्ही कानस खाली ठेवली. "तुले शिकवून राह्यलो ते मोजाले," तुम्ही म्हणालात, "टोमणे माराले नाई."

दोन वेळा आपण एका पंगतीत बसून न बोलता जेवलो. नंतर तुम्ही बोलू लागलात, पण फट तीच ठेवली. पुढच्या वर्षी मी पास झाले. मैत्रिणींना त्यांच्या घरच्यांनी घड्याळं दिली, साड्या दिल्या. तुम्ही मला फटी मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा दिलात, पंख्यासारखा उघडणारा, कातडी पाकिटातला. म्हणालात, "घे. आता मोजून भांड." तेव्हा मला हसू आलं नव्हतं, घड्याळ हवं होतं. पुढे शाळेत विज्ञान शिकवताना दर वर्षी तो जुडगा मी वर्गात नेला आणि घड्याळाची आठवण कधी आली नाही.

तर यंदा त्याच पात्यांनी मोजून मी फट पुस्तकाप्रमाणे ठेवली. तुम्हाला न विचारता. परिणामही ऐका. धूर नाही. जराही नाही. तुमच्या ढिल्या रिंगा तेल खात होत्या आणि त्या तेलापायीच शेवटी बेअरिंग गेलं, असं माझं मत आहे. पण इंजिन घट्ट झालं आणि तापू लागलं, हेही तितकंच खरं. नवं बांधलेलं इंजिन मऊ व्हावं म्हणून मी फेब्रुवारीपासून ते हळूहळू चालवलं. आधी मार्कंड्यापर्यंत, जत्रेची गर्दी ओसरल्यावर, मग जंगलातून मुलचेऱ्यापर्यंत. मुलचेऱ्याच्या रस्त्यावर एक धानवाला ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला आणि वरून बायका ओरडल्या, "बाई, बसाले जागा हाये, या वर." मी वेग वाढवला नाही. तुम्ही वाढवला असता.

एप्रिलच्या सुरुवातीला जयंती समितीचा अध्यक्ष घरी आला. माझाच जुना विद्यार्थी. खुर्चीच्या कडेवर बसला, शाळेत बसायचा तसाच.

"बाई, रागवू नका. पिकअप सांगून ठेवली हाये. मागल्यासारखं झालं त मिरवणूक अडकते."

"ठेव सांगून. पण ती मागे राहील."

"मागंच राहीन ना. तुमची बंद पडली की पुढं घेऊ. आन् मंग दरसाल पिकअपच ठेवू, असं सगळ्याइनं ठरवलं हाये."

एवढं सांगायला त्यानं पाण्याचे दोन पेले संपवले. मी ठीक आहे म्हटलं. त्याचं चुकत नव्हतं.

मिरवणूक पाच वाजता निघाली. पाचलाही रस्त्यातून झळा येत होत्या. फोटो बॉनेटवर, पुढे ढोल, मागे पांढऱ्या साड्यांमधल्या बाया, त्यांच्यामागे पिकअप. इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर, तो तापू नये म्हणून, तुमच्यासारखंच ओलं पोतं बांधलं होतं. बसस्टँडचा चौक पार झाला तेव्हा मी श्वास सोडला. त्यानंतर तापमानाचा काटा चढू लागला. माणसाच्या चालीनं चालणाऱ्या गाडीला वारा लागत नाही आणि नव्या घट्ट इंजिनाला तेच सोसत नाही. ग्रामपंचायतीपाशी काटा लाल पट्टीत गेला. आणखी थोडं ताणलं असतं तर पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटले असते आणि सगळी मेहनत वाया गेली असती. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. ढोल थांबले. अध्यक्ष धावत आला.

"बंद पडली का बाई?"

"पडली नाही. मी केली."

"मंग पिकअप घेऊ का पुढं?"

भाऊ, मी आयुष्यात कोणाकडे फारसं काही मागितलेलं नाही. ते तुमच्याकडूनच आलं. तुम्ही तर या गाडीला कधी कोणाचा हात लागू दिला नाही.

"ढकला," मी म्हटलं.

"काय?"

"ढकला म्हटलं. माणसाच्या चालीनंच तर जायचं आहे. मग माणसांनी ढकललं तर काय बिघडलं?"

त्यानं मागे वळून पिकअपकडे पाहिलं. तेवढ्यात मागच्या बायांमधून एकजण पदर खोचून पुढे आली. तीही माझ्याच हाताखालून गेलेली. "शाळेत उठबशा, आता ढकलगाडी," ती म्हणाली. "बाईनं आमाले रिकामं बसू देलंच नाई." बाया हसल्या आणि मागच्या फळीला हात लागले. मग अध्यक्षाचेही लागले. ढोल पुन्हा सुरू झाले आणि जीप चालू लागली. पिकअप मागेच राहिली, विहारापर्यंत. अध्यक्ष जाताना म्हणाला, पुढच्या साली पिकअप सांगत नाई, दोऱ्या सांगतो.

रात्री धाकट्याचा फोन आला. "थंडी झाल्यावर स्टार्ट काऊन नाई केली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, होत नव्हती. रेडिएटरला मोठा पंखा बसवू, असं तो म्हणाला. डिझेलचं नाव त्यानं काढलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं लिहिते. शाळेच्या वळणावर काटा खाली आलेला मला दिसला होता. चावी फिरवली असती तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं असतं. मी हात लावला नाही. इतकी वर्षं ती जीप चालवली, पण इंजिनाच्या आवाजात मागची माणसं काय बोलतात ते मला कधी ऐकू आलं नव्हतं. त्या संध्याकाळी आलं. दोन म्हाताऱ्या तुमच्याबद्दलच बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.