प्लग काढल्यानंतर

प्रिय नंदू,

आज अल्ताफने तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा तो पॉवर सप्लाय आईसमोर चालू केला. म्हणून लिहितेय. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

तू गेलास त्या दिवसापासून आईचं एकच चाललं होतं. प्लग काढलेला होता, तर करंट आला कुठून? अल्ताफनेच प्लग लावून बटण दाबलं असणार. मुनिरकाच्या तुमच्या दोघांच्या त्या खोलीत दुसरं होतं तरी कोण! आपल्या लक्ष्मीबाई नगरच्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर ती त्याला तसं म्हणाली. पोलिसांनी त्याला सोडलं, पण ते बोलणं दिल्लीहून सोलापूरला त्याच्या घरी पोचलं. त्याचे वडील आता त्याच्याशी बोलत नाहीत. तो परीक्षेलाही बसला नाही.

तुझा रागही येतो रे. गुडगावच्या कंपनीत नोकरी लागली होती. रुजू होण्याआधी स्वतः बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर वाजवून बघायचाच होता तुला. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती आपोआप रिकामी करणारा रेझिस्टर आत जोड, असं अल्ताफने बजावलं होतं. तू म्हणालास, "हो जाएगा यार." प्लग काढून लगेच आत हात घालण्याइतकी कसली घाई होती?

परवा मी त्याच्याकडे गेले आणि तो सप्लाय घेऊन घरी ये म्हटलं. यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, तरी आला.

आई लांब खुर्चीवर बसली. त्याने सप्लाय चालू केला, बंद केला, प्लग काढला आणि तो आईच्या हातात दिला. मग करंट छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे ठेवून मीटर लावला. काटा वरच होता.

"काकू, प्लग तुमच्या हातात आहे. तरी यात अजून चारशे व्होल्ट आहेत. माणूस मरतो."

मग रबरी मुठीच्या चिमट्यांनी त्याने दोन टोकांमध्ये एक जाड रेझिस्टर लावला. स्क्रूड्रायव्हर टेकवायचा नसतो, भडका उडतो, असं मला सांगत होता. काटा सावकाश शून्यावर आला. थोडा चार्ज परत चढतो म्हणून थांबून त्याने पुन्हा मोजलं, आणि मगच हात लावला.

"एवढाच वेळ लागतो?" आईने विचारलं.

"हो काकू."

"एवढाच वेळ थांबायचं होतं त्याला?"

आई आत निघून गेली. तिने त्याची माफी मागितली नाही, नंदू. तो माझ्या हातचा चहा अर्धा टाकून गेला.

संध्याकाळी शेजारच्या शर्मा आंटी आल्या आणि 'त्या लडक्या'चा विषय काढला. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उसने कुछ नहीं किया." मग ताट बाजूला सारून कितीतरी वेळ रडली. तुझ्या चितेपाशीही ती रडली नव्हती.

मी सोलापूरला जाणार आहे. अल्ताफच्या वडिलांसमोर बसून, त्यांच्या मुलाचा काही दोष नव्हता, हे आपल्या घरातर्फे मी स्वतः सांगेन. आई आली तर तिच्यासोबत, नाहीतर एकटी. हा शब्द मी तुला देते.

तुझी,
ताई